बेडूक, तंबाखू आणि सोळा वर्षं पडून राहिलेली बाटली

मागच्या अंकात मी जॉन डेली या अमेरिकन केमिस्टबद्दल दीड पान लिहिलं होतं, विषारी बेडकांच्या कातडीतली अल्कलॉइड्स शोधून काढायची आणि ती मेंदूतल्या कुठल्या रिसेप्टरवर जाऊन बसतात ते बघायचं यातच ज्याचं सगळं आयुष्य गेलं तो. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील, आली ढीगभर, आणि त्यातली निम्मी तंबाखूबद्दल! सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेते. ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी एवढंच, अल्कलॉइड म्हणजे झाडात किंवा प्राण्यात सापडणारं, नायट्रोजन असलेलं, बहुतेक वेळा कडू रसायन (क्विनीन, मॉर्फिन, निकोटीन, चहातलं कॅफीन, सगळी त्याच गोतावळ्यातली), आणि रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं प्रथिनाचं कुलूप, ज्यात ठरावीक किल्लीच बसते.

ताई, तुम्ही लिहिलंत की ७५० बेडकांचा अर्क १९७६ मध्ये काढला आणि रेणूची रचना छापली १९९२ मध्ये. मधली सोळा वर्षं हा माणूस करत काय होता? मी शाळेत विज्ञान शिकवतो, मुलांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही.
— एक शिक्षक, सातारा

सर, मुलांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. थोडं मागून सांगते. १९७४ मध्ये डेली आणि त्याचा दोस्त चार्ल्स मायर्स, हा न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला बेडूकतज्ज्ञ, दोघं इक्वाडोरमध्ये होते. तिथल्या एका इवल्याशा, लाल-तपकिरी अंगावर फिकट पट्टे असलेल्या बेडकाच्या कातडीचा अर्क त्यांनी आणला आणि त्यातला कणभर उंदराला टोचला, तर उंदराची शेपूट ताठ होऊन पाठीवर वळली. आता हे तुम्हा-आम्हाला काहीच वाटणार नाही, पण फार्माकॉलॉजीवाल्याच्या (औषधं शरीरात काय करतात ते शिकणाऱ्याच्या) डोक्यात तिथंच घंटा वाजते, कारण मॉर्फिन टोचल्यावर उंदीर अगदी हेच करतो, याला स्ट्राउब टेल म्हणतात. म्हणून त्यांनी वेदनेवर तपासलं, तर मॉर्फिनच्या जवळजवळ २०० पट जोरदार. आणि खरी मजा पुढे आहे. मॉर्फिनचा असर नॅलॉक्सोन दिलं की उतरतो, याचा उतरेना. म्हणजे शेपूट मॉर्फिनसारखी पण कुलूप वेगळं.

मग १९७६ मध्ये परत जाऊन ७५० बेडूक गोळा केले. एवढ्या सगळ्यातून हाताला शुद्ध पदार्थ किती लागला, तर एक मिलिग्रॅमही नाही. मिठाचे चार-पाच कण बोटावर घ्या, तेवढं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, घातल्यावर २०८ आणि २१० असे दोन पीक दिसले, तीनास एक प्रमाणात, हे बघून केमिस्ट लगेच म्हणतो की आत क्लोरीन आहे, कारण निसर्गात क्लोरीनचे दोन आयसोटोप, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, साधारण त्याच प्रमाणात असतात. पण पुढे गाडी अडली. वजन कळलं, क्लोरीन कळला, सांगाडा कळेना. त्या काळच्या एनएमआर मशीनना (रेणूत कुठला अणू कुणाला जोडलाय ते चुंबकाच्या मदतीनं दाखवणारी यंत्रं) तेवढ्याशा नमुन्यातून नीट सिग्नल मिळत नव्हता, आणि घाईघाईनं प्रयोग करून नमुना संपवला असता तर विषय कायमचा बंद, कारण पुढच्या खेपांना आणलेल्या बेडकांत ते पुरेसं मिळेना, प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेडकांत तर अजिबातच नाही, आणि १९८०च्या दशकात या बेडकांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंधही आले. तेव्हा डेलीनं बाटली जपून ठेवली आणि दुसरी कामं केली. १९९०च्या आसपास एनएमआर पुरेसं संवेदनशील झालं तेव्हा तोच नमुना बाहेर काढला आणि रचना सुटली. बेडकाच्या नावावरून नाव पडलं एपिबॅटिडीन.

मला या गोष्टीतली ती बाटलीच जास्त आवडते, आणि त्याला कारण आहे. मी पीएचडीला असताना कुड्याच्या सालीवर काम करायचे, हो तोच आपला कोकणातला पांढरा कुडा, ज्याच्या शेंगांची भाजी करतात आणि हगवणीला ज्याची साल उगाळून देतात. पोतंभर साल सुकवायची, कुटायची, मिथेनॉलमध्ये उकळायची, मग आम्लात घ्यायचं, गाळायचं, अमोनिया घालून क्लोरोफॉर्ममध्ये ओढायचं, संध्याकाळी घरी गेल्यावर आई म्हणायची अंगाला संडासाच्या फिनाईलपेक्षा वाईट वास येतोय. टीएलसीच्या पट्टीवर (तिच्यावर मिश्रणातली रसायनं वेगवेगळी होऊन वर चढतात) ड्रॅगेनडॉर्फ नावाचं द्रावण फवारलं की अल्कलॉइड असेल तिथं नारिंगी ठिपका उठतो. माझ्या पट्टीवर कोनेसिनचा, म्हणजे कुड्यातल्या मुख्य अल्कलॉइडचा, ठळक ठिपका आणि त्याच्या जरा वर एक फिकट, दुसराच. तो मी वेगळा केला, जेमतेम तळाशी धरलेली पापडी. आमच्या लॅबमधल्या मशीनवर त्याचं काहीच कळेना. सरांनी सांगितलं, थीसिसला लागत नाही तर फ्रिजमधली जागा अडवू नकोस, आणि मी ती बाटली धुऊन टाकली. हातानं, ब्रशनं घासून. पुढे २००८ मध्ये वाचलं की कोनेसिन हे मेंदूतल्या हिस्टामिनच्या एच-३ रिसेप्टरला घट्ट अडवतं आणि त्यावरून नवे रेणू बनवताहेत, तेव्हा दोन दिवस मला ती पापडी डोळ्यांसमोरून हलेना. त्यात काही असेल-नसेल, नसेलच बहुधा. पण बघायची सोय मीच धुतली ना.

तर मुलांना सांगा सर, सोळा वर्षं तो बसून नव्हता, बाटली बसून होती.

बेडकाच्या अंगात एवढं जहाल विष, मग बेडूक स्वतः कसा मरत नाही?
— इयत्ता आठवी, जळगाव

बाळा, कारण त्याचं स्वतःचं कुलूप थोडंसं बदललेलं असतं. २०१७ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की एपिबॅटिडीनवाल्या बेडकांच्या रिसेप्टरमध्ये एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतला एक मणी) बदललंय, एकच हं, त्यामुळे विषाची किल्ली नीट बसत नाही. पण गंमत अशी की शरीराची रोजची किल्ली, ॲसिटिलकोलीन, ती तर बसायलाच हवी, नाहीतर बेडूक चालणार कसा, म्हणून आणखी बारीक बदल होऊन तीही सोय झालीय.

आमच्याकडे पावसाळ्यात अंगणात बेडूकच बेडूक. लहान पोरं हातात धरतात. आपल्याकडच्या बेडकांत असलं विष असतं का? आणि परदेशात असले रंगीत बेडूक लोक घरात पाळतात म्हणे, ते खरं का?
— एक आजी, रत्नागिरी जिल्हा

आजी, डेलीचे बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, ते आपल्या अंगणात येत नाहीत, काळजी नको. आपल्याकडे जो खरखरीत पाठीचा भेक असतो ना, गोणपाटासारखा, त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यातला पांढरा चीक विषारी आहे आणि तो हृदयावर काम करतो. कुत्र्यानं भेक तोंडात धरला की फेस येतो तो त्यामुळेच. पोरांनी हात लावला तर साबणानं धुवायचे, डोळ्याला-तोंडाला लावायचे नाहीत, संपलं.

आणि पाळतात ते खरं आहे. डेलीनंच दाखवलं की बंद काचेच्या पेटीत फळमाश्या खाऊन वाढलेल्या या बेडकांत अल्कलॉइड नसतंच, आणि त्याच माश्यांना अल्कलॉइडची पूड लावून खायला घातलं की ते कातडीत साठतं. म्हणजे हा बेडूक विष करत नाही, मुंग्या, माइट, बारके किडे खाऊन गोळा करतो. पूर्वी जंगलात गेल्यावर कुठला बेडूक कामाचा हे ठरवायला डेली बेडकाला बोट लावून ते बोट जिभेला लावून बघायचा, जळजळलं की घ्या पिशवीत! फक्त कोलंबियातल्या त्या सोनेरी बेडकाच्या बाबतीत हा प्रकार नाही. तिथले एंबेरा लोक फुंकणीच्या बाणांची टोकं त्याच्या पाठीवर नुसती घासून घेतात, आणि एका बेडकात साधारण एक मिलिग्रॅम बॅट्राकोटॉक्सिन असतं, ते नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडतं आणि पुन्हा मिटूच देत नाही. आजी, जिभेचा किस्सा नातवंडांना सांगू नका, करून बघतील.

मी ३० वर्षं तंबाखू खातो, लपवत नाही. तुमच्या लेखात "निकोटिनिक रिसेप्टर" असा शब्द आला. माझ्या डोक्यात जन्मापासून तंबाखूच्या नावाचं कुलूप देवानं का बसवलं? आणि चुन्याशिवाय मजा का येत नाही हेही सांगा.
— कोल्हापूरहून एक वाचक

दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. देवानं तंबाखूसाठी नाही बसवलं हो. ते कुलूप ॲसिटिलकोलीनचं, जे आपलं शरीर स्वतः बनवतं, त्याच्यावरच स्नायू हलतात, लक्ष लागतं. नाव निकोटीनवरून पडलं कारण शास्त्रज्ञांना ते कुलूप सापडलं तेच निकोटीनमुळे. केंब्रिजच्या लँगलीनं १९०५ मध्ये निकोटीन आणि क्युरारे (झाडातलं, स्नायू लुळे करणारं विष) स्नायूवर लावून बघितलं, एक आखडवतो, दुसरा तो असर रोखतो, तेव्हा तो म्हणाला की पेशीवर काहीतरी स्वीकारणारी वस्तू असली पाहिजे. म्हणजे चोरकिल्लीवरून कुलपाचं नाव पडलं, मालकाच्या किल्लीवरून नाही. ॲसिटिलकोलीनच्या दुसऱ्या जातीच्या कुलपाचं नाव तर एका विषारी अळंबीतल्या मस्करीनवरून आहे.

चुन्याचं एकदम केमिस्ट्रीचं आहे. तंबाखूच्या पानात निकोटीन बरंचसं आम्लाबरोबर क्षाराच्या रूपात बांधलेलं असतं, तसं ते गालातून आत शिरायला कंटाळतं. तळहातावर चुना टाकून तुम्ही अंगठ्यानं मळता तेव्हा चुना आम्ल ओढून घेतो, निकोटीन मोकळं होतं, आणि मोकळं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून सटकन रक्तात जातं. वर कुड्याच्या सालीत मी अमोनिया घालायचे म्हटलं ना, तेच हे. तुम्ही रोज दहा वेळा तळहातावर अल्कलॉइडचं एक्स्ट्रॅक्शन करताय, फक्त माझ्या वेळी ते काचेच्या फनेलमध्ये जायचं आणि तुमचं मेंदूत. आणि चुन्यानं गालाची कातडी सोलवटते ते वेगळंच.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. बेडकाचं एपिबॅटिडीन बसतं ते याच निकोटिनिक कुलपावर, निकोटीनच्या कितीतरी पट घट्ट. नॅलॉक्सोन का चालेना हे त्यामुळे उलगडलं. आणि याच कुलपात अर्धवट फिरणारी किल्लीपण आहे, सायटिसीन नावाचं, लॅबर्नमच्या बियांतलं अल्कलॉइड. त्याच्या धर्तीवर व्हॅरेनिक्लिन हे औषध बनवलं, अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, सिगारेट सोडायला. ते कुलपात बसून थोडंसं फिरवतं, म्हणजे तलफ भागते, आणि निकोटीनला जागा राहत नाही. मळमळ होते बऱ्याच जणांना. चांगल्या डॉक्टरला विचारा दादा, तीस वर्षं झाली म्हणताय.

७५० मुके जीव मारले, सोळा वर्षं घालवली आणि शेवटी औषध झालंच नाही असं तुम्हीच लिहिलंत. मग कौतुक कशाचं?
— पुण्याहून, नाव न छापण्याच्या अटीवर

राग समजतो. औषध झालं नाही हे खरंच, कारण जेवढ्या डोसात दुखणं थांबतं त्याच्या अगदी शेजारी जीव घेणारा डोस आहे. १९९३ पासून लोकांनी ते लॅबमध्ये बनवायला सुरुवात केली, मग एकाही बेडकाची गरज उरली नाही. ॲबट कंपनीनं त्यात फेरफार करून टेबॅनिक्लिन नावाचा सौम्य भाऊ काढला, मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यासाठी माणसांवर चाचण्या झाल्या, दुखणं कमी व्हायचं पण उलट्या, चक्कर, लोक चाचणी सोडून जायचे. बंद पडलं.

पण औषध नाही म्हणजे फुकट, हा हिशोब मला पटत नाही. एपिबॅटिडीनला किरणोत्सारी हायड्रोजन लावून मेंदूच्या कापांवर टाकलं की ही कुलपं कुठं किती आहेत ते मोजता येतं, जगभरच्या लॅबमध्ये ते हत्यार म्हणून वापरलं जातं. बॅट्राकोटॉक्सिनचंही तसंच, नस सिग्नल कशी पाठवते ते शिकताना त्यानं फार मदत केली. आणि दुखणं थांबवायचा मॉर्फिनशिवाय दुसरा रस्ता मेंदूत आहे हे त्या उंदराच्या शेपटीमुळे ठळक झालं. बेडकांबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते मलाही टोचतं. आज तेवढे बेडूक गोळा करायची परवानगी मागायलासुद्धा कुणी धजणार नाही, आणि धजू नयेच.

आम्ही जुने मुलुंडकर. वडील म्हणायचे की मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या रिसर्च सेंटरमध्ये सापडलेल्या एका औषधी रसायनावर अमेरिकेत मोठं काम झालं. याच डेलीचं का?
— मुलुंड पूर्व

हो! हे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. ते रसायन फॉर्स्कोलिन, आणि ते निघालं माईनमुळ्यातून. माईनमुळा माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, तपकिरी लांबुळकी मुळं, ज्यांचं लोणचं घालतात, दाताखाली करकरीत लागतं. मुलुंडमध्ये १९७०च्या दशकात आपल्या देशातल्या औषधी वनस्पती एकेक करून तपासत होते, त्यात याच्या मुळातल्या एका रसायनानं रक्तदाब उतरतो असं दिसलं, सुजाता भट, नोएल डिसूझा आणि मंडळींनी ते वेगळं करून त्याची रचना १९७७ मध्ये छापली. हे अल्कलॉइड नव्हे बरं का, यात नायट्रोजनच नाही.

डेली तेव्हा मेंदूच्या पेशीत रिसेप्टरच्या पुढे काय होतं त्याच्या मागे होता. समजा रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल. बेल वाजली की आत एक माणूस उठतो, ॲडेनिलेट सायक्लेज नाव त्याचं, आणि तो सायक्लिक एएमपी नावाच्या चिठ्ठ्या घरभर वाटतो. आतापर्यंत त्याला उठवायचं तर बेल दाबायला लागायची, आणि प्रत्येक पेशीची बेल वेगळी. १९८१ मध्ये केनेथ सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं की फॉर्स्कोलिन बेलबिल काही दाबत नाही, सरळ आत जाऊन त्या माणसालाच हलवून उठवतं. झालं, जगभरच्या बायोकेमिस्टना हवं ते मिळालं. आज कुठल्याही पेशीत सायक्लिक एएमपी वाढवायचं असेल तर हात आधी फॉर्स्कोलिनच्या बाटलीकडे जातो, आणि ती वापरणाऱ्या कितीतरी पोरांना मुलुंड कुठं आहे हेही ठाऊक नसतं. पुढे जपानमध्ये त्याच्यापासून हृदयासाठीचं इंजेक्शनही निघालं.

(वजन कमी करायला फॉर्स्कोलिनच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, घेऊ का, असं तिघांनी विचारलंय. नको. लोणचं खा.)

ताई, मी दिवसाला आठ कप चहा पिते, त्यातही अल्कलॉइड आहे म्हणता, मग?
— नागपूर

मेंदूत दिवसभर ॲडिनोसिन साठत जातं आणि आपल्या कुलपात बसून झोप आणतं, कॅफीन त्या कुलपात जाऊन नुसतं अडकून बसतं, उघडत नाही. हे उंदरांवर पक्कं दाखवणाऱ्या १९८१च्या कामातही डेली होता, बाल्टिमोरच्या स्नायडर या मेंदू-संशोधकाबरोबर. त्याच कुलपाचं पुढे पार्किन्सनसाठी इस्ट्राडेफिलीन औषध आलं, आधी जपान, मग २०१९ मध्ये अमेरिका. आठ कप जास्त आहेत, संध्याकाळचे तीन कमी करा.

मी एमएससी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. मला असं काम करायचंय, झाडातून काढायचं आणि मेंदूवर काय होतं तेही बघायचं. सगळे म्हणतात एक काहीतरी धर. डेलीनं काय केलं?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

डेलीनं दोन्ही धरलं, पण एकदम नाही. बीएस बायोकेमिस्ट्री, मग ऑर्गॅनिक, १९५८ मध्ये स्टॅनफर्डची पीएचडी आणि लगेच बेथेस्डाला एनआयएचमध्ये (अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था), बर्नहार्ड विटकॉप या केमिस्टच्या हाताखाली. तिथं शेवटपर्यंत. पहिली काही वर्षं तो एन्झाइमवर काम करत होता, बेन्झीनच्या कड्यावर शरीर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवतं तेव्हा तिथला हायड्रोजन पळून न जाता शेजारच्या कार्बनवर सरकतो, याला आजही एनआयएच शिफ्ट म्हणतात, त्या शोधात तो होता. बेडूक विटकॉपनं गळ्यात घातले. आणि जिथं स्वतःला जमत नव्हतं तिथं माणसं शोधली, बेडूक ओळखायला मायर्स, बॅट्राकोटॉक्सिनचा सांगाडा क्ष-किरणांनी बघायला इझाबेला कार्ल, जिच्याबद्दल तू नक्की वाच.

तेव्हा तू आता ऑर्गॅनिक पक्कं कर, एनएमआर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला शीक, सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. सुट्टीत एखाद्या फार्मसी कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात महिनाभर जाऊन बस, पैसे देणार नाहीत, तरी जा, रिसेप्टर बाइंडिंग कसं मोजतात ते हातानं करून बघ. आणि बाटल्यांवर लेबल पेन्सिलीनं लिही, पेनानं नको, मिथेनॉलचा एक थेंब ओघळला की शाई जाते आणि मग फ्रिजमध्ये वीस बाटल्या आणि कुठली कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.